तोंडातल्या टाचण्या

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमधल्या निम्म्या मराठी डायरेक्टर आणि व्हाइस प्रेसिडेंट लोकांना मी मोठं केलंय. कमरेत. कुणाला दीड इंच, कुणाला दोन, आणि एका साहेबांना साडेतीन. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांच्या मिसेस हा अंक वाचतात.

मी शिंपी. ड्रायक्लीनरच्या दुकानात मागं एक पडदा, पडद्याच्या मागं दोन मशिनं, एक आरसा आणि उभं राहायला एक लाकडी ठोकळा. एका मशीनवर मी, दुसऱ्यावर बायको, आमची सुमन. बरीच वर्षं रोज जात होतो, आता आठवड्यातनं तीन दिवस जातो. उरलेले चार दिवस सुमनला विश्रांती, असं ती म्हणते.

मागच्या महिन्यात मंडळाच्या शुभांगीताई ब्लाउज घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काका, यंदा दिवाळी अंकात तरुण मुलांसाठी काहीतरी द्या. पुढं यशस्वी व्हायचं असेल तर काय करावं, असं. तुमच्याकडे इतकी मुलं येतात."

म्हटलं, "ताई, मी सातवी नापास."

"मग काय झालं? फोनमध्ये बोला, मी टाइप करते."

म्हणून हे बोलतोय. सातवी नापास म्हणजे एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी गुरुजींनीच वडिलांना बोलावून सांगितलं, "याला आता पाठवू नका. याला शिकवताना मला येत होतं तेही विसरायला लागलंय."

मग वडिलांनी मला मिरजेत बाबूमास्तरांच्या दुकानात घातलं. पहिल्या दिवशी मास्तरांनी सुई दिली नाही, कात्री दिली नाही. चार टाचण्या दिल्या आणि म्हणाले, "तोंडात धर." शिंप्यांची ती पद्धतच. हात मोकळे राहतात, लागेल तशी ओठातनं एकेक काढायची. मी दिवसभर टाचण्या धरून बसलो. मला वाटलं, मास्तर कला शिकवतायत. फार पुढं मला कळलं, की दुकानात बाकीच्यांना टाचण्या ठेवायला डबी होती. तोंडात धरायला फक्त मला लावायचे.

तर आमच्या धंद्यात काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

माप घेणं सोपं वाटतं. टेप लावायची, आकडा वाचायचा. पण टेप कमरेला लागली की माणूस जसा आहे तसा राहत नाही. पोट आत जातं, छाती पुढे येते, मान ताठ. फोटोत हसतात ना, तसं. त्या मापानं पँट शिवली तर ती फोटोतल्या माणसाला बसेल, घरच्या माणसाला नाही. बाबूमास्तर टेप लावून थांबायचे आणि विचारायचे, "आज घरी कालवण काय होतं?" माणूस सांगायला लागला की श्वास सुटायचा, पोट जागेवर यायचं. तेव्हा मास्तर आकडा वाचायचे. कालवण काय होतं ते त्यांना ऐकायचं नसायचं. पण ऐकायचे.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला आमच्यात माया म्हणतात. उद्या माणूस सुटला तर उसवून तेवढं बाहेर काढता येतं. कपडा लहान करायचा असला तरी ती कापायची नाही, आत दुमडून ठेवायची. मास्तरांच्या दुकानात हा एकच नियम होता, आणि तो माझ्यासाठी रोज नव्यानं सांगितला जायचा.

माझी आक्का आधीपासनं इथं, तिनं ग्रीन कार्डाचा अर्ज भरला म्हणून आम्ही आलो. नंबर लागेपर्यंत माझे निम्मे केस गेले, विमानतळावर आक्का मला ओळखेना, सुमनला ओळखून तिनं मला ओळखलं. आठवडाभरात तिनं मला या दुकानात आणून उभं केलं. मालकीण कोरियन बाई, मिसेस चोई. मला इंग्रजी येत नव्हतं, त्यांनाही बेताचंच येत होतं, त्यामुळं आमचं छान जमलं. मार्कशीट विचारली नाही. एक कोट पुढं टाकला आणि म्हणाल्या, "डू." मी टाचण्या तोंडात टाकल्या तशी बाई ओरडली, "नो पिन इन माउथ! यू स्वॅलो, आय पे हॉस्पिटल!" आणि ड्रॉवरमधनं मनगटाला बांधायचा एक पट्टा काढून दिला. त्याला लोहचुंबक. टाचण्या त्याला चिकटून बसतात.

बघा, तिथनं सगळं बिघडलं. मिरजेपासनं बंद असलेलं माझं तोंड अमेरिकेत मोकळं झालं.

आपली मुलं यायची. पुण्याची, नागपूरची, मुंबईची, नुकतीच व्हिसावर आलेली. इंटरव्ह्यूची पँट, लग्नाचा सूट, ऑफिसच्या पार्टीचं जाकीट. ठोकळ्यावर उभी राहिली की मी खालनं सुरू. पहाटे पाचला उठावं. बूट रोज पुसावेत. माणसाच्या डोळ्यात बघून बोलावं. खांदे मागे, छाती पुढे. हे मी सांगायचो साडेदहाला, दहाला उघडायचं दुकान सव्वादहाला उघडून, पायात स्लिपर घालून, आणि पँटच्या तळाकडे बघत. एकानंही कधी हटकलं नाही. उलट "थँक्यू काका" म्हणून जायचे. चांगल्या घरातली मुलं.

इथंच जन्मलेला एक मुलगा होता, रोहन. तो थंड पाण्यानं अंघोळ करायचा, इथल्या जानेवारीत, मुद्दाम. कानात कायम कसली तरी भाषणं. एकदा म्हणाला, "काका, व्हॉट इज युअर मॉर्निंग रूटीन?"

म्हटलं, "उठतो."

"अँड देन?"

"परत झोपतो. मग सुमनकाकू उठवते."

त्यानं ते फोनमध्ये लिहून घेतलं. सुमन पलीकडे मशीनवर डोकं ठेवून हसत होती.

आणि एक तर दुसऱ्या राज्यातनं, बेलव्ह्यूहून, बदली होऊन आलेला. कंबर चौतीस, म्हणाला, बत्तीसची करा. म्हटलं, चौतीस आहे की रे. म्हणाला, "काका, ही आजची. लग्नापर्यंत बत्तीस होणार, ॲपमध्ये प्लॅन टाकलाय." अशी मुलं खूप येतात. पुढच्या स्वतःच्या मापानं कपडे करून घेतात आणि ते घालायला आजचे स्वतः जातात. मी बत्तीस केली, माया आत ठेवली. इंडियाला लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी आला. कंबर पस्तीस. मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण पँट आधी उसवून सैल करून दिली.

खरं सांगायचं तर या मुलांनी मला जेवढं दिलं, तेवढं मी त्यांना दिलं नाही. इंग्रजीत सही मला एका पुण्याच्या मुलानं शिकवली, ड्रायक्लीनिंगच्या पावतीच्या मागं, त्याच्याच सहीसारखी. अजून माझी सही बघितली की सही करणारा मोठा माणूस वाटतो. सिटिझनशिपचे प्रश्न नागपूरच्या एकानं माझ्या फोनमध्ये आपल्या आवाजात भरून दिले, प्रश्न इंग्रजीत, आणि मग मराठीत "काका, याचं उत्तर असं." मी इस्त्री करता करता पाठ केले. साहेबानं एक प्रश्न विचारला, मी त्याच्या पुढच्याचं उत्तर दिलं. तो हसला आणि म्हणाला, "दॅट वॉज माय नेक्स्ट क्वेश्चन." पास झालो. सहावीनंतर पहिल्यांदा. बर्फ पडला की दुकानापुढचा रस्ता कोण ना कोण मोकळा करून जातं. असा मी, आणि मी त्यांना यश शिकवत होतो.

आता अनिकेतचं सांगतो, मी रोज दुकानात जात होतो तेव्हाचं. त्यासाठीच बोलायला बसलोय.

अनिकेत लातूरचा. अठ्ठावीस-एकोणतीसचा, उंच, थोडा वाकून चालणारा, उंच मुलं दारात डोकं आपटायला नको म्हणून चालतात तसा. दुकानाच्या मागच्या अपार्टमेंटमध्ये राहायचा. एका बुधवारी नवी कोरी पँट घेऊन आला. "काका, लांबी दीड इंच कमी करायची आहे. मंगळवारी शिकागोला इंटरव्ह्यू आहे."

त्याची नोकरी गेली होती. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी मिळाली तर ठीक, नाहीतर बॅगा भरायच्या. त्याचे चव्वेचाळीस दिवस संपले होते. बायकोला सातवा महिना. आणखी थोडे दिवस गेले की तिला विमानात बसू देणार नाहीत, आणि इथं थांबता येणार नाही. हे सगळं त्यानं पँट काउंटरवर ठेवता ठेवता सांगितलं, हवामान सांगावं तसं. तीन कंपन्यांत शेवटच्या राउंडला जाऊन परत आला होता. ही चौथी.

एवढं ऐकल्यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? पँट दीड इंच कमी केली असती.

मी म्हटलं, "सूट कुठाय?"

"सूट? काका, आमच्यात सूट कोण घालतं? तिथं समोरचे हुडी घालून बसतात."

"तेच तर! सगळे हुडीत, आणि तू सुटात. दार उघडलं की पडली पाहिजे छाप!"

सुमन म्हणाली, "अहो, त्याला काय हवंय ते करा की."

पण माझं तोंड सुटलं होतं. पोरगं घाबरलेलं होतं, आणि घाबरलेला माणूस कुणाचंही ऐकतो. दुसऱ्या दिवशी बिचारा लग्नातला सूट घेऊन आला. काळजीनं उतरला होता, कोट अंगावर सैल. मी त्याला ठोकळ्यावर उभा केला. "खांदे मागे! छाती पुढे! श्वास आत! असा उभा राहणार मंगळवारी, कळलं?"

"हो काका."

तो तसा उभा राहिला, परेडला उभा राहावा तसा, आणि मी तसाच कोट त्याच्या अंगावर टाचला. कालवण काय होतं ते विचारलं नाही. विचारायला वेळ कुठं होता, मी बोलत होतो.

बायको, होणारं मूल, नोकरी, देश, सगळं त्या कोटावर आहे असं मला वाटत होतं. पाठ इतकी साफ बसली पाहिजे होती, की आतल्या कापडाची जाड पट्टीसुद्धा दिसायला नको. मी कात्री घेतली. सुमननं मशीन थांबवलं. "अहो, माया कापू नका."

"तुला नाही कळायचं," मी म्हटलं. "नवा माणूस उभा केलाय."

कापली.

सोमवारी संध्याकाळी पाचला अनिकेत कोट न्यायला आला. रात्री झोप झालेली दिसत नव्हती. कोट अंगात घातला आणि आरशापुढे उभा राहिला, आपला नेहमीचा, खांदे पुढे, थोडा वाकलेला. पाठीवर कोट ताणून बसला, मागनं वर चढला. कॉलर मानेपासनं दोन बोटं लांब. पुढं छातीवर झोळी. हात पुढं केला, शेकहँडला करतात तसा, तर बाही कोपराकडे पळाली.

"खांदे मागे घे," मी म्हटलं.

त्यानं घेतले. कोट झकास बसला. दहाएक सेकंद. मग तो श्वास घ्यायला लागला.

"काका, पाठीत जरा सैल होईल का?"

मी कोट उलटा करून शिवण बघितली. बघायचं काय त्यात? मलाच ठाऊक होतं. आत काही नव्हतं. सैल करायला कापडच ठेवलं नव्हतं मी. मिरजेत मला रोज एकच गोष्ट शिकवली होती, आणि इतक्या वर्षांत ती मी एकदाच मोडली, ती या पोराच्या कोटावर.



सुमन उठली. अनिकेतच्या अंगातनं कोट काढून घेतला, हँगरला लावला आणि नजरेआड ठेवून दिला. मग विचारलं, "तू आधी काय घालून जाणार होतास रे?"

"निळा शर्ट. वर स्वेटर. आणि ती पँट."

"मग तेच. पँट झाली का हो?"

पँट बुधवारपासनं पिशवीत होती. पिशवीची गाठसुद्धा सोडली नव्हती.

अनिकेत पँट घालून ठोकळ्यावर चढला. मी खाली गुडघ्यावर. मनगटाचा पट्टा कुठं टाकला होता कुणास ठाऊक, आणि शोधायची पण लाज वाटत होती. काउंटरवरच्या चार टाचण्या उचलल्या आणि मिरजेसारख्या तोंडात धरल्या. म्हटलं, चोईबाई आता घरी असतील.

झालं. मी गप्प.

मग वरनं अनिकेतचा आवाज आला. "काका, मला काम येतं. खरंच येतं. पण ते म्हणतात, तू काय करतोस ते सांग, की माझं सगळं एकात एक अडकतं. तिन्ही ठिकाणी तेच झालं."

माझ्याकडे यावर निदान सहा सल्ले होते. पण टाचण्या होत्या. मी म्हटलं, "हं."

सुमन म्हणाली, "पण तू करतोस तरी काय रे नेमकं?"

त्यानं सांगितलं. मला एक शब्द कळला असेल तर शपथ. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, नाही. त्यानं परत सांगितलं, जरा कमी इंग्रजीत. मी परत मान हलवली. तिसऱ्यांदा त्याला जरा राग आला, आणि रागानं तो नीट बोलायला लागला.

"काका, हे बघा. सिनेमाचं एकच तिकीट उरलंय. तुम्ही इथनं फोनवर घेताय, आणि त्याच क्षणाला आणखी कुणीतरी दुसऱ्या घरातनं घेतंय. दोघांनाही दिसतंय, आहे. दोघांनीही बटण दाबलं. मग दोघांना एकच खुर्ची मिळाली तर भांडण होईल ना? ते होऊ नये, ते मी बघतो. एकाला मिळालं पाहिजे, आणि दुसऱ्याला लगेच, नीट, 'नाही' सांगितलं पाहिजे."

मला कळलं! काहीतरी बोलायला मी तडफडलो, पण टाचण्या. माझ्याऐवजी सुमन बोलली. "ह्यांना बघ की तुझ्या कंपनीत घेतात का. मिरजेत दर दिवाळीला एकच तारीख अकरा जणांना द्यायचे. आणि 'नाही' कुणालाच सांगायचे नाहीत, मागच्या दारानं पळून जायचे."

अनिकेत हसला. आधी थोडासा, मग पोट धरून. खांदे खाली आले, पोट बाहेर आलं, दोन्ही पाय ठोकळ्यावर जसे टेकायला पाहिजेत तसे टेकले. मी पटकन पँटचा तळ धरला आणि टाचणी लावली. सव्वा इंच. दीड नव्हे. घरी पोट आत ओढून ताठ उभा राहिला, पँट कमरेवरनं घसरली, म्हणून त्यानं दीड मोजलं होतं.

पँट हातानं शिवून, इस्त्री करून त्याला दिली. शेवटपर्यंत टाचण्या तोंडात होत्या. जाताना तो म्हणाला, "काका, आज तुम्ही काही सांगितलं नाही." मी नुसता हात वर केला.

मंगळवार गेला. बुधवार गेला. त्याचा फोन नाही. मी दुकानात हँगरला अडकवलेल्या कोटाकडे बघत होतो. कुणाची पँट कमी करताना विचारलं, "बरोबर आहे ना?" तर लोक दचकायला लागले, हा काका विचारतोय! गुरुवारी सुमन म्हणाली, "तुम्ही दोन दिवस झाले कुणाला पहाटे उठायला सांगितलं नाही. बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, सात महिन्यांची गरोदर पोर विमानात बसणार माझ्यामुळं. ती उठली. चहा ठेवला.

शनिवारी सकाळी पडदा सरकला. अनिकेत. हातात डबा, नारळाच्या वड्या, बायकोनं केलेल्या. चेहरा बघून कळलं. तरी सुमननं विचारलं, "झालं?"

"झालं काकू. ते लगेच व्हिसाचे कागद टाकतायत. आम्ही जात नाही कुठं."

सुमन पुढं गेली आणि त्याच्या गालावरनं हात फिरवला. मी मशिनीच्या तेलाची बाटली उगाच पुसायला लागलो. डोळ्यात तेल गेलं होतं.

मग तो सांगायला लागला. आत पाच माणसं होती, तिघं हुडीत. एक बाई म्हणाली, मी टेक्निकल नाही, मला तुझं काम समजावून सांग. "काका, मला एकदम तुमचा चेहरा आठवला."

मी जरा ताठ झालो. म्हटलं, "माझा? कुठला, ते खांदे मागे, छाती पुढे सांगतानाचा?"

"नाही. टाचण्या धरलेला. काहीच न कळलेला. तो डोळ्यापुढे ठेवला आणि सांगितलं. पहिल्या झटक्यात कळलं तिला."

म्हणजे शुभांगीताई, तरुणांच्या यशात माझा हा वाटा. न कळलेला चेहरा. लिहून घ्या.

कोटाचं विचाराल तर तो मी उसवला, दुसऱ्या जुन्या कोटाचं तसलंच काळं कापड शोधून पाठीत पट्टी घातली आणि त्याला देऊन टाकला. माप घेतलं तेव्हा विचारलं, "घरी कालवण काय आहे?" म्हणाला, "काका, वरण. रोज वरण. तिला दुसऱ्या कशाचा वास सहन होत नाही." पाच मिनिटं वरणाबद्दल बोलला. मी ऐकलं. त्यांना मुलगी झाली. बारशाला तोच कोट घालून उभा होता, वाकलेला, पोट सोडून, आणि पाठीत एक सुरकुती नाही. अनिकेतचे, त्याच्या आधीच्या सगळ्या मुलांचे, चोईबाईंचे, आक्काचे, आणि ज्यांनी पोराला पाठवू नका म्हणून सांगितलं त्या गुरुजींचेसुद्धा माझ्यावर उपकार आहेत. बाबूमास्तर असते तर त्यांना फोन केला असता. पण ते म्हणाले असते, माया का कापलीस.

परवा अनिकेत परत आला होता. बढती मिळाली, आणि दोन नव्या पँटी. ठोकळ्यावर चढला. मी पट्टा मनगटाला बांधला, खाली बसलो आणि म्हटलं, "हे बघ लेका, आता हाताखाली माणसं आली. आता पहिली गोष्ट काय करायची—"

तो वरनं म्हणाला, "काकू, काकांना टाचण्या द्या. तोंडात."